जानेवारीतलं सायप्रस : आधी तलाव भरले का ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दुबईहून जानेवारीत सहा दिवस सायप्रसला जाताय. सोबत आई आहेत, वय अडुसष्ट, गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही. आठ-बेचाळीसची दुर्बीण आहे, स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची लांब पल्ल्याची दुर्बीण, नाही. आणि कुणीतरी सांगितलंय की सायप्रसला पक्षी बघायचे तर मार्च-एप्रिलमध्येच, हिवाळ्यात तिथे काही नसतं. मग जावं का, आणि गेलं तर कुठे?

जा. आईंना घेऊनच जा. मी या बेटावर सगळ्या ऋतूंत पक्षी पाहिले आहेत आणि पाहुण्यांना दाखवलेही आहेत. ज्यांना दिवसभर पायपीट जमत नाही त्यांना मी आवर्जून हिवाळाच सुचवते.

मार्च-एप्रिल सांगणारे खोटं सांगत नाहीत. तेव्हा आफ्रिकेतून युरोपकडे निघालेले पक्षी इथे विसाव्याला उतरतात, आणि फक्त याच बेटावर वीण करणारा सायप्रस व्हीटियर परत आलेला असतो. जानेवारीत तो सुदान-इथिओपियाकडे असतो. तुमच्या यादीत असेल तर आत्ताच खोडून टाका. एलिओनोराचा ससाणाही मादागास्करला गेलेला असतो. पण या दोघांच्या गैरहजेरीवरून बेट ओस पडलं असं ठरवणं बरोबर नाही. हिवाळ्यात सायप्रस हे वाटेतलं ठाणं नसतं, मुक्कामाचं गाव असतं. वसंतातला पक्षी सकाळी दिसतो आणि दुपारी उडून गेलेला असतो. हिवाळ्यातला पक्षी त्याच झुडपावर आठवडाभर भेटतो, आणि त्याला निवांत बघता येतं.

हे पक्षी येतात कुठून ते कळलं की बाकीचं नियोजन सोपं होतं. नकाशा उघडा. बेटाच्या उत्तरेला जेमतेम सत्तर किलोमीटरवर तुर्कस्तानचा किनारा आहे, त्यामागे टॉरसचे डोंगर, आणि त्यापलीकडे साधारण हजार मीटर उंचीचं अनातोलियाचं पठार. जानेवारीत तिथली तळी गोठतात, शेतं बर्फाखाली जातात. अजून पूर्वेला आर्मेनियाचं सेवान, तुर्कस्तानचं व्हान अशी उंचावरची मोठी सरोवरं आहेत. तिथली बदकं, टिटव्या, चंडोल, कुरव खाली सरकत सरकत समुद्र ओलांडतात आणि पहिली उबदार जमीन लागते ती हीच. सायप्रसच्या किनाऱ्यावर जानेवारीत दुपारी सोळा-सतरा अंश असतं. म्हणून मी लार्नाकाचं हवामान बघायच्या आधी कोन्याचं बघते. कोन्या म्हणजे त्या पठाराच्या मधोमध असलेलं शहर. तिथे दोन-तीन दिवस पारा शून्याच्या बराच खाली राहिला की पुढच्या दिवसांत सायप्रसच्या शेतांत चंडोलांचे आणि टिटव्यांचे नवे थवे उतरलेले दिसतात. तुमच्या तारखा ठरलेल्या असल्या तरी कोणत्या दिवशी शेतं आणि कोणत्या दिवशी डोंगर, हे ठरवायला याचा उपयोग होतो.

आता मुख्य गोष्ट, पाणी. सायप्रसमध्ये बारमाही नदी जवळपास नाही. बहुतेक पाऊस नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडतो. लार्नाका आणि आक्रोतिरी इथले दोन मोठे खारे तलाव उन्हाळ्यात पूर्ण आटतात आणि पांढऱ्या मिठाची भेगाळलेली जमीन उरते. त्या चिखलात आर्टेमिया नावाच्या इवल्याशा कोळंबीवर्गीय जीवाची अंडी कोरडी पडून राहतात, वर्षानुवर्षं टिकतात. हिवाळी पावसाचं पाणी भरलं की ती फुटतात, तलाव या जीवांनी भरून जातो, आणि त्यांच्यावर जगायला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. चांगल्या वर्षी दोन्ही तलाव मिळून हजारोंनी. पाऊस ओढला तर तलाव जानेवारीतही कोरडा राहू शकतो, आणि अलीकडे असे हिवाळे वाढले आहेत. त्या वर्षी फक्त रोहितांसाठी आलेला माणूस हिरमुसून परत जातो.

म्हणून तिकिटं काढल्यावर हॉटेल ठरवण्याआधी उपग्रहाचं चित्र बघा. कोपर्निकसच्या संकेतस्थळावर सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि काही दिवसांच्या अंतराने नवी येतात. लार्नाका विमानतळाच्या पश्चिमेचा मोठा डाग गडद निळसर असेल तर पाणी आहे, भगभगीत पांढरा असेल तर मीठ. जोडीला ई-बर्ड या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर गेल्या पंधरवड्याच्या नोंदी बघा. एवढ्याने सहा दिवसांचा आराखडा ठरतो. माझं सगळं उत्तर खरं म्हणजे याच एका सवयीवर उभं आहे : ठिकाणांची यादी पाठ करून त्यांच्यामागे धावू नका, या वर्षी पाणी कुठे आहे ते शोधा आणि तिथे जास्त वेळ बसा.

समजा तलाव भरलेत. मग पहिल्या तीन रात्री लार्नाकात राहा. तलाव शहराला आणि विमानतळाला लागूनच आहे, विमान उतरतानाच दिसेल. पश्चिम काठावर हाला सुलतान तेक्के ही मशीद आहे, खजुरांच्या झाडीतली, आणि तिच्यापुढून पाण्यापर्यंतचं अंतर अगदी थोडं आहे. आईंसाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. बाक आहेत, सावली आहे, सपाट जमीन आहे. फक्त वेळ सांभाळा. सकाळी इथून पाहिलं तर सूर्य समोर, सगळे पक्षी काळ्या सावल्यांसारखे दिसतात. तेक्के दुपारनंतर, ऊन पाठीवर घेऊन. सकाळी पूर्वेकडून, म्हणजे शहरातून विमानतळाकडे जाणाऱ्या आर्तेमिदोस रस्त्याच्या बाजूने बघा. दिवस लहान असतो. पहाट साडेसहा-पावणेसातला आणि सूर्यास्त पाचच्या आसपास, तेव्हा दुपारचं जेवण लांबवलंत तर चांगला उजेड हातचा जातो.

रोहितांवरच नजर खिळवू नका. त्यांच्या पायांत आणि मागे शेलडक बदकं असतात, पांढऱ्या अंगावर तांबूस पट्टा आणि लालभडक चोच. थापट्या, तरंग, काळ्या मानेच्या टिबुकल्या, सडपातळ चोचीचे कुरव असतात. या कुरवांच्या पोटावर हिवाळ्यातही गुलाबी छटा असते, संध्याकाळच्या उजेडात ती साध्या दुर्बिणीतूनही दिसते. आणि बंदराच्या बाजूला, समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांवर किंवा होड्यांच्या दोरखंडावर छोटा खंड्या बसलेला असेल. आपल्याकडे तो ओढ्या-तळ्याचा पक्षी. इथे तो वीण करत नाही, फक्त हिवाळी पाहुणा आहे आणि सरळ समुद्रातले मासे मारतो.

हे मोठे रोहित म्हणजे भिगवणला उजनीच्या पाण्यावर येतात तीच जात. इराणमधल्या उर्मिया सरोवरात पूर्वी कडी घातलेले रोहित भूमध्य समुद्राकडेही सापडले आणि भारतीय उपखंडातही. सायप्रसला येणाऱ्यांमध्ये तुर्कस्तानच्या तुझ सरोवरातल्या वसाहतीचे पक्षीही असतात. रोहिताच्या पायात रंगीत कडं दिसलं तर फोटो काढा. कड्याचा रंग, अक्षरं आणि कोणता पाय एवढं टिपून बर्डलाइफ सायप्रसला कळवा. ही संस्था २००३ मध्ये दोन जुन्या पक्षी-मंडळांच्या विलीनीकरणातून झाली आणि नोंदींची फार निगुतीने दखल घेते.

या तलावाची एक जखमही माहीत असू द्या. २०२१ च्या सुरुवातीला दोन महिन्यांत लार्नाकात नव्वदहून अधिक रोहित मेलेले सापडले. कारण शिसं. तलावाच्या उत्तर टोकाजवळ पूर्वी नेमबाजीचं मैदान होतं, वर्षानुवर्षं उडालेले छर्रे चिखलात पडून होते. रोहित अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, आणि खडा कोणता, छर्रा कोणता हे त्यांना कळत नाही. मैदान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती तरी विष तिथेच होतं. युरोपीय संघाने पाणथळ जागी शिशाच्या छर्‍यांवर बंदी घातली आणि फेब्रुवारी २०२३ पासून ती लागू झाली, पण आधी पडलेलं शिसं बंदीने नाहीसं होत नाही. काठावर मलूल, मान टाकून बसलेला पक्षी दिसला तर जवळ जाऊ नका, जागा टिपून कळवा.

लार्नाकाच्या पूर्वेला दहा-पंधरा मिनिटांवर ओरोक्लिनीचं तळं आहे, छोटं, चहूबाजूंनी रस्ते आणि घरं. पाहिल्यावर वाटेल, इथे काय असणार? पण हे तळं शेकाट्या आणि काट्याच्या पंखांची टिटवी या दोन जातींच्या विणीमुळे संरक्षित आहे, आणि २०१२ ते २०१४ च्या प्रकल्पात त्याची नीट दुरुस्ती झाली. लाकडी निरीक्षणघर आहे. आई तिथे तासभर आरामात बसू शकतात, आणि स्कोप नसला तरी पक्षी इतके जवळ येतात की उणीव भासत नाही. चक्रांग, थापट्या, वारकरी, पाणलावे, वेताच्या कडेला दलदली हारिण हा शिकारी पक्षी. काट्याची टिटवी आपल्या टिटवीच्या कुळातलीच, पण काळी टोपी, पांढरे गाल, आणि उभं राहण्याची ढब अगदी ताठ.

दुसरा मोठा दिवस आक्रोतिरीला द्या. लिमासोलच्या नैर्ऋत्येचा हा द्वीपकल्प ब्रिटिश तळाच्या हद्दीत येतो. १९६० मध्ये बेट स्वतंत्र झालं तेव्हा ब्रिटनने २५४ चौरस किलोमीटर स्वतःकडे ठेवले, त्यातला हा भाग. पक्षी बघायला पूर्ण मुभा आहे. पण कुंपण, अँटेना, विमानं यांच्या दिशेने कॅमेरा वळवू नका आणि ड्रोन तर अजिबात उडवू नका. लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन तळाच्या कुंपणाजवळ रेंगाळलात तर चौकशी होते, आणि ती होणं रास्तच आहे.

तिथला माझा क्रम असा. सकाळी आधी झाकाकीचं वेतबन. शहराच्या पश्चिम टोकाला, निरीक्षणघर असलेलं. बोलू नका, हलू नका, फक्त वेताच्या बुंध्याशी जिथे चिखल आणि पाणी भेटतं ती रेघ बघत राहा. वॉटर रेल त्या रेघेवर येते, ब्लूथ्रोट येतो, आणि वेताच्या तुऱ्यांवर पेंड्युलिन टिट असतील तर त्यांची बारीक, लांबवलेली शीळ आधी ऐकू येते. मग लेडीज माइल, म्हणजे एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला खारा तलाव अशी किनाऱ्याची पट्टी. इथे केंटिश चिखल्या, छोटे टिलवे आणि मोठ्या कुरवांचे घोळके. त्यात आर्मेनियन कुरव शोधा. पिवळे पाय, काळसर डोळा, आणि आखूड जाड चोचीवर टोकाजवळ काळा पट्टा. पाऊस पडून गेला असेल तर भाड्याची गाडी तलावाच्या बाजूच्या कच्च्या वाटेवर घालू नका. वरून कोरडी दिसते, खाली चिकट गाळ असतो.

दुपारी फासूरी. सुरूच्या उंच झाडांतून जाणारा रस्ता, संत्र्यांच्या बागा, आणि मग एकदम ओलं गवताळ कुरण. इथलं वेत कापून आक्रोतिरी गावात टोपल्या विणायची परंपरा आहे, आणि गुरं चरल्यामुळे वेत माजत नाही, पाणी उघडं राहतं. गुरं चरायची थांबली की वेत सगळं गिळतं आणि पाणलावे निघून जातात, हे मी दोन्ही अवस्थांत पाहिलंय. इथे थांबा. गाय-बगळे गुरांच्या पायांत असतात, वॉटर पिपिट असतात, आणि चारच्या सुमारास हारिण विसाव्याला येऊ लागतात. दलदली तर असतेच, एखादी हेन हॅरिअर येते. एखाद्या हिवाळ्यात ठिपकेदार गरुडही मुक्कामाला असतो. दलदली हारिण तुम्ही ओळखताच. हेन हॅरिअर मात्र भारतात सहज भेटत नाही, त्यामुळे राखी-पांढरा नर कुरणावरून सरकत गेला तर पुढे कुठेही जायची घाई करू नका.

तलाव कोरडे असतील तर? मग हेच दिवस गोड्या पाण्याकडे वळवा : ओरोक्लिनी, झाकाकी, फासूरी, फामागुस्ताच्या बाजूचं आख्ना धरण, पाफोसजवळचं आस्प्रोक्रेमोस धरण. कोरड्या वर्षी पक्षी कमी जागांत दाटतात, आणि अशा एखाद्या तळ्यावर एका बैठकीत जेवढ्या जाती दिसतात तेवढ्या ओल्या वर्षी दिवसभर फिरून दिसत नाहीत. रोहित तेवढे चुकतील.

उरलेल्या तीन रात्री पाफोस. लार्नाकाहून महामार्गाने दीड तास. वाटेत एपिस्कोपीच्या कड्यांपाशी आकाशाकडे बघा, ग्रिफन गिधाडं तिथे आहेत. ती संपतच आली होती. आधी क्रीटहून आणि नंतर स्पेनहून पक्षी आणून सोडले, म्हणून आज वर बघायला काही आहे. आपल्याकडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडं गेली, इथे कुत्र्या-कोल्ह्यांसाठी ठेवलेल्या विषारी आमिषांनी. एक पक्षी दिसला तरी थांबून नीट बघा.

पाफोसचं खरं कारण म्हणजे फिन्शचा व्हीटियर. हिवाळी सायप्रसचा माझ्या मते सगळ्यांत मोलाचा पक्षी, आणि तो मार्च-एप्रिलवाल्यांना मिळत नाही. तुर्कस्तान-इराणच्या खडकाळ उंचीवर वीण करतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे उतरतो, आणि मार्च उजाडेपर्यंत निघून जातो. जागा अशी हवी : उघडा दगडाळ उतार, बकऱ्यांनी चरून खुरटं केलेलं गवत, मधूनमधून मोठे धोंडे. पाफोसच्या पूर्वेचं आनारीता पार्क अशा जागांत पहिलं, आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला केप ग्रेको. नराचा चेहरा, गळा आणि पंख काळे, पण डोक्यापासून पाठीवरून शेपटीपर्यंत मलईसारखी पांढरी पट्टी सलग जाते. तो उडाला की ती पट्टी उघडते, आणि मग शंकेला जागा उरत नाही. मादी राखी-तपकिरी, फार साधी, तिला घाईत नाव देऊ नका. प्रत्येक पक्षी हिवाळाभर आपला तुकडा राखून असतो, त्यामुळे एकदा दिसला तर गाडीतच थांबा. पंधरा मिनिटांत तो त्याच धोंड्यावर परत येतो. आनारीताला वारा बोचरा असतो, आईंना गाडीतून उतरायची गरज नाही, काचेतूनही तो छान दिसतो.

त्याच माळावर चुकार तित्तिर धावताना दिसतील, आणि खालच्या शेतांच्या कडेला काळा तित्तिर. याच्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. हरियाणाचा राज्यपक्षी तो हाच. आपल्या महाराष्ट्रात भेटतो तो चित्रांग तित्तिर, त्याचा जवळचा नातेवाईक, आणि दोघांचा घोगरा, ताल धरलेला आवाज एका घराण्यातला वाटतो. सायप्रस ही काळ्या तित्तिराच्या पसाऱ्याची पश्चिम सीमा. पण एके काळी तो सिसिली आणि स्पेनमध्येही होता, आणि तिथून नाहीसा झाला. संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए तपासल्यावर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पश्चिमेकडचे ते पक्षी माणसानेच नेलेले होते. काही सायप्रस आणि आसपासच्या प्रदेशातून, तर काही थेट दक्षिण आशियातून. दरबारी मेजवान्यांसाठी आणि शिकारीसाठी हा पक्षी जहाजांवर चढला. जानेवारीत तो फारसा ओरडत नाही. महिनाअखेरीस ऊबदार सकाळ लागली तर मात्र एखादा नर बांधावर चढून सुरू होतो. पाफोसजवळच्या मांद्रिया गावच्या शेतांत पहाटे काच खाली करून हळू गाडी चालवा. चंडोल, लाल गळ्याचे पिपिट, सोनचिखले तिथे असतातच.

सायप्रस वॉर्बलर हिवाळ्यात पूर्ण जात नाही. काही इस्रायल, इजिप्त, सुदानकडे जातात, काही इथल्या काटेरी झुडपांत राहतात. त्याला शोधताना सार्डिनियन वॉर्बलर वारंवार समोर येईल, तो हिवाळ्यात भरपूर असतो. दोघांचं डोकं काळं, म्हणून डोक्याकडे बघू नका, पोटाकडे बघा. सायप्रस वॉर्बलरच्या गळ्यापासून शेपटीखालपर्यंत काळे ठिपके असतात, सार्डिनियनचं पोट साधं राखी. सार्डिनियन पूर्वी इथे नुसता हिवाळी पाहुणा होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पश्चिम भागात वीण करू लागला, आणि जिथे तो पसरला तिथे सायप्रस वॉर्बलर कमी होत गेला. बेटाच्या स्वतःच्या पक्ष्यासाठी मला याची खरोखर काळजी वाटते.

बेटाच्या मधल्या त्रूदोस डोंगरांना एक दिवस पुरे. माउंट ऑलिंपस १,९५२ मीटर, बर्फ असतं, आईंना बर्फ बघायला आवडेल. काळ्या पाइनच्या जंगलात कोल टिट, शॉर्ट-टोड ट्रीक्रीपर, जे आणि क्रॉसबिल यांच्या फक्त याच बेटावरच्या उपजाती आहेत. सहलीच्या जागांवर टाकलेल्या लाकडी टेबलांपाशी बसा, कोल टिट आपणहून येतात. बर्फ पडत असताना चाकांना साखळ्या लावल्याशिवाय वर जाऊ नका. पाफोसच्या उत्तरेच्या आवाकास घळीत हिवाळ्यात क्वचित वॉलक्रीपर दिसतो हे खरं, पण पावसानंतर त्या अरुंद घळीत शिरणं धोक्याचं आहे, आणि तुमच्यासारख्या छोट्या सहलीत मी ते सुचवणार नाही. बेटाचं स्वतःचं घुबड, सायप्रस स्कॉप्स, वर्षभर इथेच असतं. पाफोस जिल्ह्यातल्या एखाद्या डोंगरी गावात रात्री जेवायला गेलात तर वाऱ्याशिवायच्या रात्री बाहेर उभं राहून ऐका. दिसण्याची आशा धरू नका, आणि मोबाइलवर आवाज लावून त्याला बोलावू तर मुळीच नका.

आता बंदुका. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच पहाटे दचकाल. शिकार इथे कायदेशीर आणि फार लोकप्रिय आहे. ससे, चुकार, तित्तिर यांचा मुख्य मोसम नोव्हेंबर-डिसेंबरचा, पण कस्तुर आणि वुडकॉक यांची शिकार पुढे फेब्रुवारीपर्यंत चालते. बुधवार आणि रविवार हे नेहमीचे दिवस; त्या वर्षीचं अधिकृत वेळापत्रक एकदा बघून घ्या. शिकारीच्या दिवशी आनारीता, मांद्रिया किंवा कोणतंही उघडं रान टाळा. पक्षी बुजलेले असतात आणि झुडपात मातकट कपड्यांत वाकलेला माणूस सुरक्षित नसतो. ते दिवस बंदी असलेल्या जागांना द्या : लार्नाकाचा तलाव, ओरोक्लिनी, किंवा पाफोसचं पुरातत्त्व क्षेत्र. रोमन फरशीचित्रांमुळे ते १९८० पासून जागतिक वारशात आहे, आणि कुंपणाच्या आत कृष्ण थिरथिरा, निळा शैलकस्तुर, खरूची निर्धास्त वावरतात.

कायदेशीर शिकारीपलीकडचं जे आहे ते जास्त दुखवतं. ब्लॅककॅपसारखे छोटे गाणारे पक्षी जाळ्यांत आणि चिकट काठ्यांवर पकडून खाण्याची चाल इथे जुनी आहे. १९७४ पासून ती बेकायदा आहे. या पदार्थाला आंबेलोपूलिया म्हणतात आणि अजूनही काही ठिकाणी तो चोरून वाढला जातो. काठ्यांवरचा चिकट लेप भोकराच्या फळांपासून करतात. होय, ज्याचं आपण लोणचं घालतो आणि ज्याचा चीक लहानपणी पतंगाचा कागद चिकटवायला वापरायचो तेच झाड. मुख्य हंगाम शरदाचा, पण कस्तुरांसाठी हिवाळ्यातही काठ्या लागतात. ब्रिटिश तळाच्या हद्दीतली जाळी २०१६ नंतर कडक कारवाईमुळे पुष्कळ कमी झाली, आणि हे स्थानिक कार्यकर्त्यांनी रात्री-अपरात्री रानात बसून मिळवलेलं यश आहे. डाळिंबाच्या किंवा ऑलिव्हच्या बागेत अंधारात कस्तुराचा आवाज यंत्रातून सतत येत असेल, किंवा फांद्यांत ओळीने रोवलेल्या चकाकत्या काठ्या दिसल्या, तर आत जाऊ नका, कुणाशी वाद घालू नका. मोबाइलवर जागा खुणावून निघा आणि पोलिसांना व बर्डलाइफ सायप्रसला कळवा. अडकलेला पक्षी हाताने ओढून सोडवायला जाल तर त्याची पिसं आणि पाय तुटतात. मन धरवत नाही, तरी हा नियम पाळा.

गाडी भाड्याने घ्याच, सार्वजनिक बसने या जागा जमत नाहीत. वाहनं डाव्या हाताने चालतात, आपल्यासारखीच, पण दुबईत उजवीकडची सवय झाली असेल तर पहिल्या चौकाला सावध. उत्तर सायप्रसला जायचं असेल तर भाड्याच्या गाडीचा विमा बेटाची फाळणी करणाऱ्या रेषेपलीकडे लागू होत नाही. सहा दिवसांत तिकडे वळू नका. आई शाकाहारी असतील तर गावच्या खानावळीत लूवी मागा, म्हणजे पालेभाजी घालून शिजवलेली चवळी, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. स्कोपची काळजी करू नका, फक्त लार्नाकाच्या तलावासाठी तो असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी दुर्बिणीसाठी घडीचा एकपायी स्टँड घ्या, त्याने हात थरथरत नाहीत आणि दूरच्या टिबुकल्या ओळखता येतात.

एवढं केलंत तर सहा दिवसांत शंभराच्या आसपास जाती सहज होतील, पण त्या आकड्यासाठी ठिकाणं वाढवू नका. तारखा हातात आल्या की आधी कॅलेंडरवर बुधवार आणि रविवार खुणावा, ते तलाव आणि पुरातत्त्व क्षेत्राला द्या. आनारीता आणि मांद्रियासाठी सोमवार, मंगळवार किंवा गुरुवार ठेवा, त्रूदोसचा दिवस मोकळा ठेवून हवामान बघून घाला. निघण्याच्या आदल्या आठवड्यात उपग्रहाचं चित्र पुन्हा एकदा बघा. डिसेंबरअखेरच्या एका जोरदार पावसाने कोरडा तलाव दोन दिवसांत ओला होतो, आणि मग लार्नाकाची एक रात्र वाढवणं शहाणपणाचं ठरतं.